गर्भपाताच्या गोळ्या आणि शासकीय नियंत्रण : कृष्णाकाठची पार्श्वभूमी

गर्भपाताच्या गोळ्यांच्या बेकायदा पुरवठ्याविरुद्ध महाराष्ट्र शासनाने योजलेल्या उपायांचे स्वरूप, कराडपासून सांगली-मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठची परिस्थिती ध्यानी घेतल्यावाचून नीटसे उमगत नाही.

इ. स. १८६० च्या भारतीय दंड संहितेने स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात तेवढा वगळून बाकी सर्व गर्भपात गुन्हा ठरविले. कलम ३१२ खाली गर्भपात करविणारा तर दंडनीय होताच, पण स्वतः स्त्रीही होती. त्या काळची साधने म्हणजे चित्रकमूळ, बिब्बा, कण्हेर. ती परसात वा बाजारात सहज मिळत. साहजिकच कायद्याचा रोख वस्तूवर नव्हे, तर व्यक्तीवर होता. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे म्हणून १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच राजवटीत.

पुढे महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ साली अहवाल दिला आणि तदनुसार झालेला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. मात्र या कायद्याने कलम ३१२ रद्द केले नाही; नोंदणीकृत डॉक्टरांना काही अटींवर त्यापासून संरक्षण दिले, एवढेच. अभ्यासकांच्या नजरेतून हा भेद पुष्कळदा निसटतो.

मिफेप्रिस्टोन या औषधास भारतात २००२ साली परवानगी मिळाली. मिसोप्रोस्टॉल हे मुळात जठरव्रणावरचे औषध. त्याचा हा दुसरा उपयोग ब्राझीलमधील स्त्रियांनी १९८० नंतरच्या दशकात स्वतःच शोधून काढला होता. दोहोंचा एकत्रित संच भारतात २००८ साली मान्य झाला. २००३ च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंत, आणि २०२१ च्या नियमांनी नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरांना या गोळ्या देण्याची मुभा दिली. आता गर्भपाताचे साधन ही परवान्याची वस्तू झाली आणि १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत आली. पोलिसाची जागा औषध निरीक्षकाने घेतली. माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडून आला, चिठ्ठी कोणत्या डॉक्टरची, बिलावर त्याचे नाव आहे काय, हे त्याचे प्रश्न. उत्तर न मिळाल्यास दुकानाचा परवाना निलंबित वा रद्द होई.

या अधिकाराचा कसून वापर २०१२ च्या सुमारास झाला. आयुक्त महेश झगडे यांच्या कारकिर्दीत अन्न व औषध प्रशासनाने राज्यभर औषध दुकानांच्या नोंदी तपासल्या. मुख्यमंत्रिपदी त्या वेळी कराडचेच पृथ्वीराज चव्हाण होते. मोहिमेमागील चिंता खरी होती. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ ते २००१ या दशकात सातारा जिल्ह्यात ९४१ वरून ८७८ वर, तर सांगलीत ९२४ वरून ८५१ वर उतरली होती. सधन, सिंचित ऊसपट्ट्यातच ही घसरण व्हावी, हे लक्षणीय आहे.

परंतु निदान व उपाय यांचा मेळ बसत नव्हता. सोनोग्राफीने गर्भाचे लिंग साधारणतः बाराव्या-तेराव्या आठवड्याआधी खात्रीने कळत नाही. गोळ्यांची कायदेशीर मुदत तर त्यापूर्वीच सरते. मुदतीनंतर गोळ्यांचा गैरवापर होई, हे नाकारता येत नाही. तरीही लिंगनिवडीचे मूळ सोनोग्राफीच्या यंत्रात होते, आणि त्यासाठी १९९४ चा स्वतंत्र कायदा होता. दोन कायद्यांची अशी गल्लत झाल्याने अनेक दुकानदारांनी तपासणीच्या धास्तीने या गोळ्या ठेवणेच सोडले. ज्या स्त्रीजवळ डॉक्टरची रीतसर चिठ्ठी होती, तिचीही त्यामुळे अडचण झाली. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे एका विवाहितेच्या मृत्यूनंतर ओढ्याकाठी १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. दुकानांच्या वह्या तपासून हा प्रकार उघडकीस आला नव्हता.

बिलबुक तपासता येते ते परवानाधारकाचे. विनापरवाना गोळ्या विकणाऱ्यास औषध कायद्यान्वये तीन ते पाच वर्षे कैद होऊ शकते. पण त्याच्याविरुद्ध खात्रीलायक साक्ष देऊ शकते ती बहुधा गोळ्या घेणारी स्त्रीच. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ८८ खाली तीच स्त्री आरोपी ठरू शकते.