प्रस्तार, गण आणि सत्यताकोष्टक

सत्यताकोष्टकाची मांडणी ही विद्यार्थ्यास प्रथमदर्शनी केवळ यांत्रिक क्रिया वाटते. घटक विधाने मोजावीत, ओळी आखाव्यात, ठराविक क्रमाने सत्य-असत्य भरावे आणि शेवटच्या स्तंभावरून निर्णय द्यावा, एवढाच विधी त्याच्या स्मरणात राहतो. परंतु या विधीत दोन निरनिराळ्या कल्पना एकत्र आलेल्या आहेत. सर्व शक्यता निःशेष कशा मांडाव्यात, ही पहिली. आणि घटकांच्या मूल्यांवरून संयुक्त विधानाचे मूल्य कसे ठरते, ही दुसरी. दोहोंचा इतिहास भिन्न आहे, आणि तो वेगळा न केल्यामुळेच अध्यापनात व अभिमानातही गोंधळ होतो.

पहिली कल्पना फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु व गुरू या दोनच मूल्यांपासून होणारे सर्व भेद ओळीने मांडण्याच्या रीतीस ‘प्रस्तार’ म्हणतात. पहिली ओळ सर्व गुरूंची. पुढील प्रत्येक ओळीत, वरच्या ओळीतील डावीकडून पहिल्या गुरूखाली लघु लिहावयाचा, त्याच्या उजवीकडील अक्षरे जशीच्या तशी उतरावयाची आणि डावीकडे गुरू भरावयाचे. सर्व लघू आले की प्रस्तार संपला. तीन अक्षरांचा प्रस्तार मराठी विद्यार्थ्यास नकळत पाठच असतो. कारण वृत्तांचे आठ गण म्हणजे तोच होय. म, य, र, स, त, ज, भ, न हा त्याचा क्रम. तीन घटक विधानांच्या कोष्टकास आठच ओळी का लागतात, याचे उत्तर ‘यमाताराजभानसलगं’ या सूत्रात दडलेले आहे.

प्रस्तार न मांडता विशिष्ट ओळ शोधण्याचा ‘नष्ट’ नावाचा विधीही आहे. क्रमांक सम असल्यास लघु लिहून त्याचे अर्ध करावे. विषम असल्यास गुरू लिहून, एक मिळवून अर्ध करावे. सहावी ओळ हवी असल्यास सहा सम म्हणून लघु, मग तीन विषम म्हणून गुरू, मग दोन सम म्हणून लघु. म्हणजे ज गण. गुरूला सत्य व लघूला असत्य मानले की हीच रीत कोष्टकास लागू पडते.

ही विद्या महाराष्ट्रात गणिताच्या अंगानेही जोपासली गेली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) षडक्षरी चरणाच्या गायत्रीचे भेद विचारले आहेत. एकही गुरू नसलेले, एक गुरू असलेले, दोन गुरू असलेले, असे गट केले असता १, ६, १५, २०, १५, ६, १ अशी संख्या येते व बेरीज ६४ होते. चारही चरणांचे मिळून भेद १,६७,७७,२१६. चाळीसगावजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद आहे.

दुसरी कल्पना मात्र या परंपरेत नाही. प्रस्तार भेद मोजतो. त्या भेदांवर अवलंबून असलेले तिसरे मूल्य तो ठरवीत नाही. सोपाधिक विधान केवळ पूर्वांग सत्य व उत्तरांग असत्य असतानाच असत्य होते, हे मत ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतील ग्रीक तार्किक फायलो याचे. गॉटलोब फ्रेगे याने १८७९ मध्ये दोन विधानांच्या चार शक्यता मांडून सोपाधिक विधानाची व्याख्या केली. चार्ल्स पर्स याच्या १८९३ च्या हस्तलिखितात कोष्टकाचे रूप आढळते. पुढे १९२१ मध्ये एमिल पोस्ट याचा निबंध आणि लुडविग विट्गेनश्टाइन याचा ‘ट्रॅक्टेटस’ प्रसिद्ध झाला आणि कोष्टक सर्वमान्य झाले.

विट्गेनश्टाइनने दिलेल्या ओळींचा क्रम येथे विचारात घेण्याजोगा आहे. दोन विधानांपुरता तो पिंगलाच्या प्रस्ताराशी तंतोतंत जुळतो. तीन विधानांच्या कोष्टकात मात्र चौथ्या व पाचव्या ओळींची अदलाबदल दिसते: स गणाच्या जागी त व त गणाच्या जागी स. कारण विट्गेनश्टाइनने असत्यांच्या संख्येनुसार १, ३, ३, १ असे गट केले आहेत. ही मांडणी प्रस्तारापेक्षा ‘लीलावती’तील गणनेस अधिक जवळची आहे. यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. दोन मूल्यांच्या शक्यता निःशेष मांडू पाहणाऱ्यास मोजकेच मार्ग उपलब्ध असतात, एवढेच सिद्ध होते.

अध्ययनातील खरी अडचण दुसऱ्या कल्पनेत आहे, आणि ती भाषेची आहे. मराठी व्याकरणातील उभयान्वयी अव्ययांचे वर्ग कोष्टकाच्या स्तंभांशी जुळत नाहीत. ‘आणि’ समुच्चयबोधक व ‘पण’ न्यूनत्वबोधक. परंतु कोष्टकात दोहोंचा स्तंभ एकच. उलट, ‘पाऊस पडला म्हणून रोवणी झाली’ यातील दोन्ही घटक सत्य असूनही संपूर्ण विधान असत्य असू शकते. म्हणून परिणामबोधक ‘म्हणून’ला कोष्टकच नाही.

‘तर’ याहून अवघड आहे. ‘पाऊस पडला तर रोवणी होईल’ हे वाक्य भंडारा जिल्ह्यातील धानउत्पादक गावात उच्चारले गेले, असे समजावे. पाऊस पडूनही रोवणी झाली नाही, तरच ते खोटे ठरते. पाऊस न पडता रोवणी झाली, तर काय? पुष्कळ विद्यार्थी येथे ‘असत्य’ लिहितात. कारण ‘पाऊस नाही तर रोवणी नाही’ असा अर्थ ते मनात जोडतात. मायकेल गाइस व आर्नल्ड झ्विकी यांनी १९७१ मध्ये अशा जोडलेल्या अर्थांचे विवेचन केले: वाक्य तो सुचविते, परंतु विधान करीत नाही. भंडाऱ्यात यास प्रत्यक्ष पुरावा आहे. या जिल्ह्यात जुने मालगुजारी तलाव आहेत. तलावाच्या पाण्यावर रोवणी झाली, तर मूळ वाक्य बोलणाऱ्यास कोणी खोटे म्हणणार नाही. ही ओळ सत्य का, हे त्या तलावाने दाखविले.

तात्पर्य, प्रस्तारात संपूर्ण सत्यताकोष्टक शोधणे जितके चूक, तितकेच कोष्टक सर्वस्वी परके मानून ते घोकून घेणे चूक. ओळी गणांवरून उमजतात. स्तंभ मात्र नित्याच्या वाक्यांची कसून परीक्षा केल्यावरच उमजतात. तर्कशास्त्राच्या मराठी अध्यापनात या दोन्ही पायऱ्या स्वतंत्रपणे घेतल्यास विद्यार्थी कोष्टक केवळ भरणार नाही, ते वाचूही शकेल.