ओवीच्या चालीचं कूळ

ग्रामगीतेत 41 अध्याय आणि 4675 ओव्या आहेत. तुकडोजी महाराजांनी त्या विसाव्या शतकात रचल्या. पण चिमूरकडच्या गावांत त्या म्हटल्या जातात त्या चालीचं कूळ फार मागे जातं.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या 1130च्या सुमाराच्या ग्रंथात नोंद आहे, की महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात. कांडताना! चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा मुलूख, त्यामुळे ही नोंद मला फार जवळची वाटते. मुसळ वर जाऊन खाली येईस्तोवर ओळ बसवायची. शब्द कमी पडले तर स्वर लांबवायचा, जास्त झाले तर भराभर उरकायचे, आणि घावावर यमक गाठायचं. ओवीची सगळी कारागिरी एवढ्यात आली.

ज्ञानेश्वरांनी 1290मध्ये नेवाशात हीच ओवी गीतेसाठी हाती घेतली. ग्रंथातल्या ओवीत तीन चरणांना यमक, चौथा आखूड, अक्षरांचं बंधन नाही. म्हणणारा बहुतेक अक्षरं एकाच स्वरावर सोडत जातो, चरण संपताना स्वर जरासा हलवतो, यमकावर टेकतो आणि आखूड चरणात खाली उतरतो.

युरोपातल्या मठांमधल्या ग्रेगोरियन गायनातही स्तोत्रं अशीच म्हणत. सुरुवातीला दोन-तीन स्वरांची चढण, मग एकच धरलेला स्वर, मध्ये विराम, शेवटी ठरलेली उतरण. असे मुख्य साचे आठ, आणि बायबलातली दीडशे स्तोत्रं त्यांत बसत. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही. गरज मात्र एकच, लहानमोठ्या ओळी चारचौघांना एकसुरात म्हणता याव्यात. तिकडे नवव्या शतकापासून सुरांच्या खुणा पोथीत लिहू लागले. आपल्याकडे चाल आईकडून लेकीकडे, कीर्तनातून गावाकडे गेली.

तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात साधना केली होती. त्यांची खंजिरी भजनं 1942च्या चिमूर उठावाआधीच घरोघरी पोचली होती. ग्रामगीतेतले ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण हे विषय त्यांना गद्यातही मांडता आले असते. त्यांनी ओवी निवडली ती गावाला आधीच पाठ होती म्हणून, असं माझं ठाम मत आहे. नवा विषय, नवे शब्द, पण चाल शिकवायला कुणी लागत नव्हतं. लांबलचक शब्द आला तरी नवशिका वाचक अडत नाही. अक्षरं संपेपर्यंत तोच स्वर धरतो आणि मग उतरतो.