भाटघर येथील एक जुनें रेडिओ-विमान

वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण आहे. उन्हाळ्यांत त्याचें पाणी ओसरलें म्हणजे कांठीं विस्तीर्ण जमीन उघडी पडते. तेथें आमच्या एका स्नेह्यांनीं जुनें सिंगल-चॅनेल, म्हणजे एकाच संदेशावर चालणारें, लहान विमान उडविलें.

अशा विमानाचें केवळ सुकाणू हातीं असतें. खालून कळ दाबली कीं विमानांतील विद्युच्चुंबक अडसर सोडतो, पिळलेल्या रबराच्या जोरानें चक्र पाव फेरा फिरतें व सुकाणू उजवीकडे वळतें. कळ सोडतांच तें मध्यावर येतें. पुन्हा दाबल्यास डावीकडे. घनपाठ्यास मागचें पद विसरून चालत नाहीं, तसेंच उडविणारास मागचें वळण.

बाल्साच्या मोडक्या बरगड्या व पंखांवरील कागद स्नेह्यांनीं बदलला, तो योग्यच. परंतु रबर-चुंबक काढून आजचें यंत्र बसविण्याचा बेत ऐकून आम्हीं हरकत घेतली. पोथीचें फाटलें पान सांधावें, पाठ बदलूं नये. गुड बंधूंचें 1937 चें ‘गफ’ अमेरिकेंतील स्मिथ्सोनियन संग्रहालयांत स्थिर आहे, उडवावयाच्या विमानाची गोष्ट निराळी, हें त्यांचें उत्तर. अखेर त्यांनीं आमचें ऐकलें.

दुसऱ्या उड्डाणांत रबराचा पीळ संपला, सुकाणू वळेना, आणि विमान पाण्यांत पडलें. दोष आमच्या आग्रहाचा, हें मान्य. मत मात्र तेंच आहे. बदललेल्या भागांची यादी विमानासोबत ठेवावी, इतकी भर त्यांत घालतों.