पाऊस सरला, आता कोणाचं दार ठोठवायचं? उपनगरातल्या पाडे, गावठाणं आणि कोळीवाड्यांसाठी दिवाळीपर्यंतची कामाची माहिती

मुंबई उपनगर : घटस्थापना झाली की पाऊस मागे सरतो. हळवं भात कापणीला येतं, कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील चढतात आणि घराघरांत दिवाळीचे वेध लागतात. पण सप्टेंबर ते नोव्हेंबर याच दिवसांत उपनगरातल्या पाड्यांवर आणि किनाऱ्यावर सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. गवत कमरेपर्यंत वाढलेलं असतं, डास माजलेले असतात आणि अंधार लवकर पडू लागतो. सप्टेंबरच्या मध्याला साडेसहानंतर मावळणारा सूर्य नोव्हेंबरच्या मध्याला सहाच्या सुमारासच बुडतो.

त्यात आपल्या जिल्ह्याची एक वेगळीच अडचण आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे त्याचे तीन तालुके. मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही गावं कुर्ला तालुक्यात येतात. तालुके आहेत, तहसीलदार आहेत, तलाठी आहेत; पण जिल्हा परिषद नाही, पंचायत समिती नाही आणि ग्रामपंचायतही नाही. म्हणजे इतर जिल्ह्यांत सरपंचाला किंवा ग्रामसेवकाला गाठून होतं ते काम इथे चार-पाच कार्यालयांत वाटलेलं आहे. चुकीच्या दारात गेलं की माणूस दिवस घालवून रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून कोणत्या कामासाठी कुठे जायचं, हे खाली एकत्र दिलं आहे.

बिबट्या : दिवेलागण आणि पहाट सांभाळा

आरेतल्या २७ पाड्यांना आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांना बिबट्या नवा नाही. वारली समाज पिढ्यान् पिढ्या वाघोबाला मानत आला आहे आणि आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतो. उद्यान आणि आजूबाजूच्या परिसरात २०१८ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत ४७ बिबटे आढळले होते. एरवी तो माणसाला टाळतोच. तरीही २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आरेत लागोपाठ हल्ले झाले. २०२२ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला पहाटे, युनिट १५ जवळ दीड वर्षाच्या आतल्या-बाहेरच्या वयाची एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात दगावली. सणाची पहाट, अंधार आणि लहान मूल, या तीन गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो.

बिबट्या वस्तीजवळ येतो तो बहुतेक वेळा कुत्र्यांच्या आणि डुकरांच्या मागे. कुत्री आणि डुकरं येतात कचऱ्यामागे. त्यामुळे पहिला उपाय कचऱ्याचा :

– खरकटं, मटण-मासळीची घाण पाड्याच्या कडेला टाकू नका. कचऱ्याची गाडी येत नसेल तर पालिकेच्या १९१६ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.
– दिवस मावळल्यावर आणि उजाडण्याआधी लहान मुलांना एकटं बाहेर सोडू नका. शौचाला जाताना मोठं माणूस सोबत असू द्या. हातात बॅटरी, काठी ठेवा आणि मोठ्याने बोलत चला, मोबाईलवर गाणं लावलं तरी चालेल.
– उकिडवं बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. अंगणात भांडी घासणं, गवत कापणं ही कामं उजेडात उरका.
– घराभोवतालचं गवत आणि रान कापून घ्या. कोंबड्या-बकऱ्या रात्री बंद खुराड्यात, गोठ्यात ठेवा.
– बिबट्या दिसला तर पळू नका, खाली बसू नका. मूल उचलून घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. व्हिडिओसाठी घोळका करून त्याला घेरू नका, वाट मोकळी ठेवा.

दिसल्याची खबर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर द्या. ‘पिंजरा लावा’ ही मागणी पाड्यांवर नेहमी होते. पण एक बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की त्याची जागा दुसरा घेतो, आणि हलवलेला बिबट्या अनोळखी भागात जास्त त्रास देऊ शकतो. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या भोवती झालेल्या हल्ल्यांनंतर आणि जुन्नर भागातल्या अभ्यासानंतर हे समोर आलं. म्हणून पिंजऱ्याआधी दिवे, शौचालय आणि कचरा या तीन गोष्टींची मागणी लेखी करा. आरेत हे अर्ज दुग्धविकास विभागाच्या आरे कार्यालयात आणि पालिकेच्या विभाग कार्यालयात, असे दोन्हीकडे द्यावेत. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

जनावर मारलं गेलं तर ते जागेवरून हलवू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी वन विभागाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही. माणूस जखमी झाला तर केसपेपर, बिलं आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना राज्य सरकारकडून २५ लाख रुपयांची मदत मिळते.

भातकापणी आणि साप

कापणीत वाकून हात घालताना आणि भारे उचलताना सापाचा धोका असतो. महाराष्ट्रातले चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरसं चावलं की सूज येते, खूप दुखतं. मण्यारचं तसं नाही. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा कळतही नाही, दुखत नाही. थोड्या वेळाने पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते. पहाटे कोणी असं बोलू लागलं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून वाट बघू नका.

– कापणीला गमबूट घाला. भारा उचलण्याआधी काठीने हलवा.
– खाटेवर झोपा. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. त्याने डासही अडतो आणि मण्यारही.
– चावल्यावर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने रक्त ओढू नका. हातापायातले दागिने, कडे काढा. माणसाला चालवू नका.
– भगताकडे वेळ घालवू नका. सापाच्या विषावर औषध एकच, रुग्णालयातलं प्रतिविष. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

१०८ वर रुग्णवाहिका बोलवा. पश्चिमेकडे विलेपार्ल्याचं कूपर आणि कांदिवलीचं शताब्दी, पूर्वेकडे घाटकोपरचं राजावाडी ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. गोराई आणि मनोरीकरांनी मात्र आधीच ठरवून ठेवावं. रात्री होडी बंद झाल्यावर उत्तनमार्गे भाईंदरचा रस्ता हाच पर्याय उरतो. त्या वाटेवर भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. अडल्या वेळी कोणाची गाडी निघेल, हे आळीत आजच बोलून ठेवा.

ताप अंगावर काढू नका

पाऊस थांबला की साठलेल्या पाण्यात डास वाढतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप, माठ, टायर, ताडपत्रीचे खळगे, करवंट्या, फ्रिजमागची ताटली हे सगळं कोरडं करा. नळ एक दिवसाआड येणाऱ्या वस्त्यांत पाणी साठवावंच लागतं. तिथे पिंपाला घट्ट झाकण नाहीतर जुन्या साडीचं कापड बांधा.

ताप आला तर रक्त तपासा. पालिकेच्या दवाखान्यात आणि आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी होते. डेंग्यूची शंका असेल तर फक्त पॅरासिटामॉल घ्या. अॅस्पिरिन, ब्रुफेन किंवा अंगदुखीचं इंजेक्शन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणजे डेंग्यू गेला असं नाही. खरा धोका ताप उतरताना, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवशी असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर लगेच दाखल व्हा. मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका, चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर चौदाही घ्या.

चिखलात, भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोचा धोका असतो. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या.

समुद्र : हंगाम सुरू, पण वादळाचेही हेच दिवस

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपून होड्या समुद्रात गेल्या आहेत. वेसावे, मढ, मनोरी, गोराईत सुकवणीची घाई आहे. पण अरबी समुद्रात पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वादळांचा दुसरा काळ असतो. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मधल्या किनाऱ्यावर आलं आणि कोकणातले कित्येक खलाशी परतलेच नाहीत. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही वादळं लागोपाठ आली. ती किनाऱ्यावर आली नाहीत, तरी होड्या बंदरात उभ्या राहिल्या आणि ऐन हंगामाचे दिवस गेले.

निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, ‘सचेत’ अॅप मोबाईलवर ठेवा. इशारा आला की तांडेलाने परत फिरावं. एका खेपेचं डिझेल जाईल, माणसं वाचतील. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र, लाईफ जॅकेट बोटीवर असू द्या. परप्रांतातून, पालघरहून आलेल्या खलाशांचीही नोंद करा. मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये मिळतात. आपलं नाव यादीत आहे का, हे सोसायटीच्या सचिवाला विचारा. दुर्घटनेनंतर विचारून उपयोग नसतो.

पाणी : तलाव शेजारी, नळ लांब

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. १ ऑक्टोबरला त्यात किती साठा आहे, यावर पुढच्या पावसापर्यंतची कपात ठरते. यातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव तर पाड्यांच्या उशालाच आहेत. तरी तिथल्या कित्येक घरांना नळ नाही.

घराचे कागद नाहीत म्हणून पाणी नाही, असं उत्तर मिळालं तर तिथेच थांबू नका. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर अधिकृत नाही म्हणून ते पूर्ण नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. मे २०२२ पासून पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. अर्ज विभाग कार्यालयातल्या जलकामे खात्याकडे करायचा असतो. पाच-दहा घरांनी मिळून अर्ज करा आणि पोच घ्या. जागा वन खात्याची किंवा आरेची असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र मागितलं जातं, त्यासाठीचा अर्ज सोबतच देऊन टाका.

दाखले आणि कागदपत्रं

– उत्पन्न, रहिवास दाखला : तहसील कार्यालय किंवा ‘आपले सरकार’ केंद्र, मुदत १५ दिवस. मुदतीत न मिळाल्यास लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी हा दाखला आताच काढा.
– जातीचा दाखला : अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जुना सात-बारा, जन्म-मृत्यूची नोंद शोधून ठेवा.
– रेशनकार्ड : इतर जिल्ह्यांत ते तहसीलमधून होतं. मुंबईत मात्र शिधावाटप कार्यालयातून होतं. आपल्या कार्डावर त्या कार्यालयाचा क्रमांक छापलेला असतो.
– तालुका कोणता : आरेचा काही भाग बोरिवली तालुक्यात, मरोळ-मरोशीकडचा अंधेरी तालुक्यात येतो. निघण्याआधी आपलं महसुली गाव तलाठ्याकडे विचारून घ्या.
– मतदार यादी : आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. या तारखेला १८ पूर्ण झालेल्यांनी नमुना ६ भरावा. पत्ता किंवा नाव दुरुस्तीसाठी नमुना ८. चौकशी १९५० वर.

हे क्रमांक मोबाईलमध्ये ठेवा

वन विभाग १९२६ | रुग्णवाहिका १०८ | पोलीस व आपत्कालीन मदत ११२ | महापालिका १९१६ | तटरक्षक दल १५५४ | मतदार मदत १९५०

कुठल्याही कार्यालयात तोंडी सांगून येऊ नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या, मोबाईलवर तिचा फोटो काढा. ग्रामपंचायत नसलेल्या गावाला ती पोच हाच आधार आहे. पाड्यावर ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ही माहिती वाचून दाखवा; बिबट्या, साप आणि तापाची तर आजच.