कुलूप, किल्ली आणि हातमोजा

भाकरीचा घास सावकाश चावीत राहिले तर थोड्या वेळाने तो गोड लागू लागतो. लाळेतील विकर, म्हणजेच एन्झाइम, भाकरीतील पिष्टाची साखर करीत असते. पण कापसाचा बोळा कितीही चघळला तरी त्याला गोडी येत नाही. वास्तविक पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांची बनलेली; फरक केवळ कड्यांच्या जोडणीत. एवढा सूक्ष्म फरक विकराला कसा कळतो? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८३३ साली पायां व पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवापासून पिष्ट फोडणारे विकर वेगळे केले. विकरांच्या निवडीवर खरा प्रकाश मात्र १८९४ साली बर्लिनच्या एमिल फिशर यांनी टाकला. त्यांनी ग्लुकोजची अल्फा व बीटा अशी दोन संयुगे घेतली. दोहोंत अणू तेच आणि तितकेच. फक्त एका जागी अणुगटाची दिशा उलटी. यीस्टच्या अर्काने अल्फा तेवढे फोडले, कडू बदामातील इमल्सिनने बीटा तेवढे. यावरून फिशर यांनी उपमा दिली : विकर आणि त्याचे द्रव्य कुलूप-किल्लीसारखे एकमेकांत बसले पाहिजे. विशेष हे, की विकर कशाचे बनलेले असते हेच तेव्हा निश्चित नव्हते. ते प्रथिन असल्याचे १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी युरिएजचे स्फटिक मिळवून दाखविले.

ही उपमा साठ वर्षांहून अधिक काळ निर्वेध चालली. मग १९५८ साली डॅनियल कॉश्लंड यांनी एक साधी शंका पुढे मांडली. हेक्झोकायनेज हे विकर एटीपीमधील फॉस्फेट ग्लुकोजला देते. जेथे ग्लुकोज मावतो तेथे पाण्याचा चिमुकला रेणू सहज शिरेल, आणि पेशीत पाणी तर मुबलक! मग फॉस्फेट पाण्याला का जात नाही? मोठ्या किल्लीला कुलूप अडवील. लहानीला कसे अडवणार?

कॉश्लंड यांचे उत्तर असे, की विकर ताठर नसते. हात शिरताच हातमोजा आकार घेतो, तसे योग्य द्रव्य येताच विकर आपली घडण बदलते आणि तेव्हाच त्याचे क्रियाशील गट जागेवर येतात. पाण्याच्या रेणूला हा बदल घडविता येत नाही. हे मत पुष्कळांना लगेच रुचले नाही. परंतु १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स व सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी लायसोझाइमची रचना उलगडली आणि विकरांचे अंतरंग दिसू लागले. पुढे १९७८ साली अमेरिकेत टॉमस स्टाइट्झ यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की ग्लुकोज येताच हेक्झोकायनेजचे दोन भाग जबड्यासारखे मिटतात.

फिशर चुकले होते असे नव्हे. आकार जुळावा लागतो हे आजही खरेच आहे. पण चांगली उपमा दिवा असते, भिंत नव्हे. तिच्या उजेडात जे बसत नाही त्याबद्दल विचारण्याचे धैर्य एखाद्याने दाखविले, की ज्ञान एक पाऊल पुढे सरकते.