नगरची वाट कोण दाखवतं?

३१ मे २०२३ रोजी चौंडीत घोषणा झाली, १३ मार्च २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अधिसूचना निघून अहमदनगर जिल्हा अहिल्यानगर झाला. पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलणं सरकारच्या हातात होतं. पण जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचा ‘अहमदनगर डॉट एनआयसी डॉट इन’ हा पत्ता वर्षानुवर्षं इतरांनी आपापल्या पानांवर दिलेला. तो बदलणं कलेक्टर कचेरीच्या हातात नाही. गावाचं नाव गावाचं असतं, गावाकडे बोट दाखवणारा हात मात्र परक्याचा असतो. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये, म्हणजे पूर्वीच्या ‘वेबमास्टर टूल्स’मध्ये, या परक्या हातांची, म्हणजे लिंकांची, नोंद असते. संकेतस्थळवाले तिच्याकडे धंद्याचा हिशेब म्हणून पाहतात. माझ्या मते नगरपुरतं तरी ते इतिहासाचं दप्तर आहे आणि ते दप्तरासारखंच जपायला हवं.

दुसऱ्याने घेतलेलं नाव म्हणजे साक्ष, ही कल्पना इंटरनेटहून जुनी. कोणत्या शोधनिबंधाचा दाखला कुणी दिला याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात काढली. १९९८ साली स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी ‘पेजरँक’ मांडताना तोच धागा पुढे नेला: लिंक ही साक्ष, आणि साक्षीदाराचं वजन त्याच्याविषयी कोण बोलतं यावर. पण आपल्या बाजूने कोण साक्ष देतंय, हे संकेतस्थळाच्या मालकालाच नीट कळत नसे. गूगलने २००५ मध्ये ‘साइटमॅप्स’ ही सोय काढली, २००६ मध्ये तिला ‘वेबमास्टर टूल्स’ म्हटलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मालकाला बाहेरून येणाऱ्या लिंकांची सविस्तर यादी दाखवायला सुरुवात केली. २०१५ पासून याचंच नाव ‘सर्च कन्सोल’. याहूचं ‘साइट एक्सप्लोरर’ त्याच सुमाराचं, पण तिथे कुणीही कुणाच्याही संकेतस्थळाच्या लिंका पाहू शकत असे. नोव्हेंबर २०११ मध्ये ते बंद झालं. चावडीवर उघडी पडलेली वही मालकाच्या तिजोरीत गेली ती तेव्हा. या कथेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना हीच, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही.

आता तिजोरी उघडायची तर संकेतस्थळ आपलंच आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी गूगलने दिलेली फाइल सर्व्हरवर ठेवा, नाहीतर डोमेनच्या नोंदीत त्यांनी सांगितलेली ओळ घाला. मग लिंक अहवालात दिसतं की आपल्या कोणत्या पानाला जास्त लिंका आहेत, त्या कोणत्या संकेतस्थळांवरून येतात आणि लिंक देताना लोक कोणते शब्द वापरतात. ताज्या लिंकांची यादी उतरवून घेतली तर प्रत्येक ओळीसमोर गूगलने ती शेवटची पाहिल्याची तारीखही येते. नगरच्या बाबतीत खरी मेख त्या शब्दांत आहे. १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरने इंग्रजीत हे नाव ‘एम’ पुढे ‘ए’ घालून लिहिलं; सरकारी पत्त्यात मात्र ‘ई’ रुळला. नेहरूंनी १९४४ साली इथल्या किल्ल्यात कैदेत असताना ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, त्यांचं स्पेलिंग गॅझेटिअरचं. आणि जिल्ह्यातला माणूस बोलताना नुसतं ‘नगर’ म्हणतो. त्यात आता ‘अहिल्यानगर’ची भर पडली. लोक कोणतं नाव घेतात, याचा असा पुरावा इंटरनेटपूर्व काळातल्या कुठल्याही नामांतराच्या वेळी हाती नव्हता.

यावर जाणकार म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? जुना पत्ता नव्याकडे वळवला की झालं. वळवावाच. गूगलचं पत्ताबदलाचं साधन १८० दिवस ती सूचना धरून ठेवतं, आणि वळण निदान वर्षभर तरी राहू द्या असं गूगल सांगतं. पण वळवल्याने वाचक पोचतो, लिंक देणाऱ्याने लिहिलेला शब्द बदलत नाही. आणि जुना डोमेन सोडला की वळणही गेलं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा अहवाल म्हणजे नमुना, पूर्ण मोजदाद नव्हे. पडद्यावरच्या तक्त्यात हजार ओळींपुढे काही दिसत नाही, आणि त्यात भाडोत्री लिंकांचा कचराही असतो. त्या कचऱ्यावर गूगलने एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ हा शोधक्रमवारीतला बदल सोडला आणि ऑक्टोबरात मालकांना अशा लिंका नाकारण्याची सोय दिली. मान्य. पण कोणतं दप्तर पूर्ण असतं? पेशवे दप्तरातही गहाळ रुमाल आहेत, बखरींत पदरचं घातलेलं आहे. म्हणून अभ्यासक ती जाळून टाकत नाहीत, ताडून पाहतात. तिसरी बाजू अशी की शोधनिकालांचा क्रम लावताना लिंकेचं महत्त्व घटलंय, हे गूगलचेच लोक सांगतात. धंद्यासाठी ती बातमी मोठी असेल. कोण कुणाला कोणत्या नावाने ओळखत होतं, या प्रश्नाला तिने काही फरक पडत नाही.

अडचण वेळेची आहे. लिंक देणारं पान बंद पडलं की यथावकाश ती ओळ यादीतून जाते. लोक काय शोधत आपल्यापर्यंत आले, म्हणजे ‘अहमदनगर’ टाइप करून की ‘अहिल्यानगर’, याचे आकडे तर सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडे ठेवतच नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागद जपलेत, कारण कुणीतरी ते रद्दीत जाण्याआधी उचलले. तेव्हा जिल्ह्यातल्या ज्या संस्था, पतपेढ्या, महाविद्यालयं, देवस्थानं, ग्रामपंचायती नव्या नावाचा पत्ता घेत असतील, त्यांनी जुना डोमेन सोडण्यापूर्वी लिंक अहवाल आणि शोधशब्दांचा तक्ता उतरवून घ्यावा, फाइलच्या नावात तारीख घालावी आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला द्यावी. पैसे लागत नाहीत. उजव्या कोपऱ्यातलं ‘एक्सपोर्ट’चं बटण दाबायचं.