कातडीच्या वाटेवरचा उतार : केहिल्स क्रॉसिंगचा इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात, डार्विन शहरापासून रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला, ईस्ट ॲलिगेटर नदीच्या पात्रात काँक्रीटची एक बुटकी फरशी आहे. तिच्या अलीकडे काकाडू राष्ट्रीय उद्यान असून पलीकडे आर्नहेम लँड हा आदिवासींच्या मालकीचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो, आणि तेथे पाऊल ठेवण्यासाठी बाहेरच्या माणसाला नॉर्दर्न लँड कौन्सिल या आदिवासी भूधारकांच्या संस्थेचा परवाना लागतो. केहिल्स क्रॉसिंग या नावाने ओळखला जाणारा हा उतार आज जगभर प्रसिद्ध आहे तो तेथे जमणाऱ्या मगरींमुळे. कोरड्या ऋतूत, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात, भरतीची वेळ पाहून येणाऱ्या पर्यटकांना हे दृश्य अनादि काळापासून असेच चालत आले असावे असे वाटते; वस्तुतः ते माणसाच्या व्यवहारांतून घडलेले आहे आणि आजच्या स्वरूपात ते फार जुनेही नाही.

ही नदी समुद्रापासून बरीच आत असूनही भरती-ओहोटीच्या अंमलाखाली आहे. ओहोटीला फरशीवरून पाणी उथळ वाहते आणि उंच चाकांच्या गाड्या पार होतात. मोठ्या भरतीला मात्र समुद्राकडून चढणारे पाणी फरशी ओलांडून उलट्या दिशेने आत शिरते आणि त्याबरोबर बोयींचे थवे व बारामुंडी हे मासे वर लोटले जातात. बारामुंडी म्हणजे रायगडच्या खाड्यांतला जिताडाच, तीच जात. ही अरुंद फरशी बंधाऱ्यासारखी आडवी असल्याने मासे तिच्या कडेला अडून एका पट्टीत गोळा होतात, आणि एरवी आपापली हद्द राखून राहणाऱ्या, एकमेकींना जवळ न येऊ देणाऱ्या मगरी तेवढ्या वेळापुरत्या शेजारी शेजारी जबडे उघडून ओळीने थांबतात. त्या खाऱ्या पाण्यातील मगरी होत. कृष्णेत किंवा सावित्रीत दिसणाऱ्या मगरीहून ही जात निराळी असून आकाराने कितीतरी मोठी आहे, व तिचे नर कधीकधी सहा मीटरपर्यंत वाढतात. जिभेवरील ग्रंथींतून जादा मीठ बाहेर टाकता येत असल्यामुळे ती खाडी, नदी आणि गोडे तळे या तिन्हींत सारखीच वावरू शकते.

फरशी नव्हती तेव्हाही मगरी होत्याच, आणि त्यांच्यासह जगणारी माणसेही होती. नदीजवळच्या उबिर् येथील खडकांवर बारामुंडीसारखे मासे त्यांच्या आतल्या हाडा-आतड्यांसकट रंगवलेले दिसतात. या रीतीला अभ्यासक क्ष-किरण शैली म्हणतात. या परिसरातील बिनिंज लोकांसाठी मगर हे भय, अन्न आणि पूर्वज असे तिन्ही काही होते. त्यांच्यातील गागुजू समाजाच्या कथेत गिंगा नावाचा पुरुष शेकोटीजवळ झोपला असता त्याची पाठ भाजून फोडांनी भरते, तो नदीत उडी घेतो आणि मगर होतो. मगरीच्या पाठीवरचे खवल्यांचे उंचवटे म्हणजे ते फोड.

युरोपीय नोंदींत ही नदी येते ती १८१८ मध्ये, ब्रिटिश आरमारातील फिलिप पार्कर किंग याच्या किनारा-सर्वेक्षणाच्या वेळी. पाण्यातल्या मगरींना त्याने अमेरिकेतील ॲलिगेटर समजून नदीला ते नाव दिले आणि चूक तशीच नकाशावर राहिली. तथापि या प्रदेशाचे रूप बदलले ते नकाशाने नव्हे, तर म्हशींनी. १८२० च्या दशकापासून १८४९ पर्यंत उत्तर किनाऱ्यावर ब्रिटिशांनी एकामागून एक तीन लष्करी वसाहती वसवल्या आणि सोडून दिल्या. तेथे मांसासाठी आणलेल्या पाळीव म्हशी मागे राहिल्या, रानात गेल्या आणि दलदलींत अफाट वाढल्या. १८८० च्या दशकापासून त्यांच्या कातड्यांचा धंदा सुरू झाला. म्हशीच्या जाड चामड्याला यंत्रांचे पट्टे बनवण्यासाठी मागणी होती, आणि घोड्यावरून धावत म्हशी मारणारे गोरे शिकारी व त्यांच्यामागून कातडी सोलणारे, धुणारे, मीठ लावणारे आदिवासी स्त्री-पुरुष अशी ही व्यवस्था होती. त्या श्रमाचा मोबदला बहुधा पीठ, चहा आणि तंबाखू एवढाच असे, हे त्या काळच्या साहसकथांमधून सहसा वगळले जाते.

पॅडी केहिल हा या शिकाऱ्यांतला सर्वांत नावाजलेला. क्वीन्सलंडमधून गुरे हाकत आलेल्या या माणसाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नदीपलीकडे ओएनपेली येथे, म्हणजे आजच्या गुनबालान्या गावी, आपले ठाणे बसवले आणि नदीच्या उताराला पुढे त्याचे नाव चिकटले. १९१२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ बाल्डविन स्पेन्सर त्याच्याकडे राहून गेला. तेथे आदिवासी चित्रकारांकडून करवून घेतलेली, झाडाच्या सालीवरील चित्रे मेलबर्नच्या संग्रहालयात जपली आहेत. १९२५ मध्ये ओएनपेली ख्रिस्ती मिशनच्या हाती गेले, १९३१ मध्ये आर्नहेम लँड राखीव प्रदेश ठरला, आणि नदी ही दोन कायद्यांमधली सीमा बनली.

म्हशीच्या कातडीचा बाजार १९५० च्या दशकात बसला. मगरीच्या कातडीचा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर भरभराटीला आला होता. युद्धातून उरलेल्या रायफली स्वस्त मिळत होत्या, युरोपात मगरीच्या चामड्याच्या पर्स आणि बुटांना किंमत होती, आणि रात्री बॅटरीच्या झोतात मगरीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकत असल्याने तिला शोधणे सोपे होते. पंचवीस-सव्वीस वर्षांत नॉर्दर्न टेरिटरीतील मगरींची संख्या सुमारे ३,००० वर आल्याचा अंदाज आहे. गोड्या पाण्यातील लहान जातीला १९६४ मध्ये आणि खाऱ्या पाण्यातील जातीला १९७१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. त्या वर्षी या उतारावर उभे राहून मगरींचा मेळा पाहण्याची अपेक्षा कोणी केली असती, तर त्याला बहुधा रिकामे पाणी पाहून परतावे लागले असते.

पुढची वाढ संथ होती. सिडनी विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिक हॅरी मेसेल यांच्या पथकाने १९७० च्या दशकात भरती-ओहोटीच्या नद्या रात्रीच्या उजेडझोतात पिंजून मगरी मोजल्या. शिकाऱ्यांचेच तंत्र, फक्त हातात बंदूक नव्हती. १९७९ मध्ये काकाडू उद्यानाचा पहिला टप्पा घोषित झाला, १९८१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले, आणि १९८० च्या दशकात गुरांच्या रोगनिर्मूलन मोहिमेत म्हशी मोठ्या प्रमाणात काढून टाकल्यावर त्यांनी तुडवलेल्या पाणथळी पुन्हा भरू लागल्या. आज प्रांतातील मगरींची संख्या, नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले वगळून, सुमारे एक लाख धरली जाते.

संख्या वाढली तशी किंमतही मोजावी लागली. तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवूड यांच्यावर १९८५ मध्ये या नदीलगतच्या पाण्यात, एकट्या होडीतून जात असता, मगरीने झडप घातली. त्या वाचल्या, त्या मगरीला सूड म्हणून मारू नये असा आग्रह त्यांनी धरला, आणि आपण भक्ष्यही असू शकतो हे माणसाने नाकारू नये, हा विचार त्यांनी पुढे लिहून मांडला. खुद्द उतारावर १९८७ आणि २०१७ मध्ये माणसे मगरींना बळी पडली, त्यांतील २०१७ चा प्रसंग पायी नदी ओलांडण्याच्या प्रयत्नातला होता. आता काठावर प्रेक्षकांसाठी उंच चौथरे बांधले आहेत, परंतु फरशीवरून गाडी नेणाऱ्यांचे भरतीच्या वेळापत्रकाचे अज्ञान ही तेथील नित्याची अडचण आहे.

मगरीच्या कातडीचा व्यापारही संपलेला नाही, त्याचे नियम बदलले आहेत. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात ऑस्ट्रेलियातील या मगरींना १९८५ मध्ये कमी कडक यादीत आणले गेले आणि रानातील घरट्यांतून अंडी गोळा करून ती मगरपालन केंद्रांत उबवण्यास वाव मिळाला. त्यांतून निघणारी कातडी पुन्हा युरोपातील महागड्या फॅशनगृहांकडेच जाते. फरक इतकाच की पन्नासच्या दशकातील बंदूकवाला ज्याच्या पाण्यात शिकार करी त्या आदिवासीला काही देणे लागत नसे, तर आजचा अंडी गोळा करणारा जमीनमालकाची परवानगी घेतो आणि त्याला मोबदला देतो.